पॅप, पिशवी आणि पेपरवेट

डॉक्टर, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल नवी मार्गदर्शक तत्त्वं आली म्हणून लगेच वाचत बसू नका. सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणी वर्गाला जा, बॅग घ्या, जेवा आणि ती पुस्तिका ओपीडीच्या टेबलावर आणून ठेवा. फॅनच्या वाऱ्याने रिपोर्ट उडतात, त्यांवर ठेवायला बरी पडते.

आत लिहिलंय तरी काय? 2021 पासून जागतिक आरोग्य संघटना सांगतेय, तिशीनंतर एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणारा विषाणू, शोधणारी डीएनए चाचणी करा. निगेटिव्ह आली तर पुढची 5 ते 10 वर्षांनी. म्हणजे पेशंट दहा वर्षं फिरकायचीच नाही! त्यापेक्षा बावीस वर्षांच्या मुलीचा दरवर्षी पॅप काढावा, म्हणजे मुखाच्या पेशी खरवडून स्लाइडवर तपासाव्यात. साध्या गाठीसाठी मुखासकट पिशवी काढलेल्या बाईचाही काढावा. स्लाइडवर काही दिसो न दिसो, बिलावर दिसलं म्हणजे झालं.

राहिली ती खुरपणीहून थेट आलेली पंचेचाळिशीची बाई. पदराचं टोक चाळवत, खाली बघत "अंगावरून पांढरं जातंय" म्हणते. तिला आत टेबलावर घ्यायची घाई नको. सिस्टर जेवायला गेलेली असते, आत बघायचं स्पेक्युलम उकळलेलं नसतं, बाहेर चाळीस नंबर असतात. गोळ्या लिहा. पुन्हा आली, पुन्हा गोळ्या. मुखाला अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा चट्टा उठतो का ते बघायचं, एवढीच खरं तर तपासणी. पण ती शिकवलेली नर्सही करू शकते. मग आपण एमडी कशाला झालो? तिसऱ्यांदा आली की सरळ सांगा, "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल." बीडमध्ये 2019 साली पाहणी झाली, तेव्हा 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. (सगळं श्रेय डॉक्टरांनी घेऊ नये. पाळीचा खाडा मुकादमालाही नको असतो.)

एचपीव्हीच्या लसीचं कुणी आईने विचारलंच, तर "लहान आहे अजून, लग्न ठरलं की बघू" म्हणा. 9 ते 20 वयात एक डोसही चालतो, असं संघटनेने 2022 च्या डिसेंबरात सांगितलंय. लस संसर्गाआधी द्यायची असते, हा तपशील आहेराबरोबर कळवता येईल.

एवढं करूनही कुणी वाद घातला, तर "हे परदेशी संशोधन, आपल्या बायकांना लागू नाही" हे हुकमी वाक्य आहेच. मात्र समोरची बाई धाराशिवची नाही ना, तेवढं बघून घ्या. कारण तिथल्याच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1 लाख 31 हजार बायकांवर या तपासण्यांचा अभ्यास 1999 पासून झाला. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, त्यात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, हे 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आलं. जगाने वाचलं. पण पिकतं तिथे विकत नाही, ते एका अर्थी तुमच्या पथ्यावरच पडलंय.

त्यातलीच एखादी मावशी आली आणि म्हणाली, "मागं आमच्या गावात तपासलं होतं, तसं तुमच्याकडं करतात का हो?" तर सिस्टर जेवायला गेल्यात म्हणून सांगा.