आवाज कुणाचा?

डोंबिवलीत रुळांपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला शांततेची सवय नसते. फास्ट लोकल धडधडत गेली की आमच्या मांडणीवरचे स्टीलचे डबे थरथरतात. फोनवर बोलणारा वाक्य अर्धवट सोडतो, गाडी गेली की तिथूनच पुढे बोलतो, आणि पलीकडचाही डोंबिवलीकर असेल तर त्याला काही वावगं वाटत नाही. मार्च 2020 मध्ये जनता कर्फ्यूच्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या आणि मला झोप येईनाशी झाली. मालगाडी जायची अधूनमधून, पण तिच्या आवाजात ती लगबग कुठली!

मग डोक्यात आलं, असं शहर पुन्हा ऐकायला मिळायचं नाही, रेकॉर्ड करून ठेवावं. ही म्हणाली, "करा की. तोवर हा लसूण सोला."

रिकामा रस्ता टिपायला फोन गॅलरीत ठेवला. पण फोनच्या रेकॉर्डरला शांतता सोसत नाही. बाहेर काही ऐकू येईना झालं की तो आपणहून माइकचा कान मोठा करतो. त्यामुळे माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मोकळ्या रस्त्याऐवजी आमचा फ्रिज आहे. तोही असा की कारखाना वाटावा. फ्रिज बंद करू म्हटलं तर दूध नासणार. पंखा बंद करू म्हटलं तर एप्रिल. वाऱ्याचा घरघराट येऊ नये म्हणून फोनला लोकरीचा मोजा घातला, तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: 'तिसऱ्या मजल्यावरून मोजा बाहेर लटकत आहे. संबंधितांनी तो सॅनिटाइज करून आत घ्यावा.' खाली अकरा अंगठे.

रस्त्यावरचे सगळे आवाज घरात राहायला आले होते, ही खरी गोष्ट. ज्या बिल्डिंगीतले पुरुष सकाळी सातला गाडी पकडून रात्री नऊला उगवायचे, ते आता दिवसभर घरात. सकाळभर मिक्सर, दुपारभर कॅरम, आणि सगळ्या घरांतून "ऐकू येतंय का? मी म्यूटवर आहे का?" त्या जुलैत भूकंपशास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये छापलं, की माणसांच्या वर्दळीने जमिनीला होणारी थरथर जगात 50 टक्क्यांपर्यंत कमी झाली. त्यांचं यंत्र आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटखाली नव्हतं. तिथली दोन मुलं हॉलमध्ये क्रिकेट खेळायची, आणि बहुधा रनआउटवर त्यांचा भर असावा.

रात्री नऊला मोठीच पंचाईत. 28 मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा 'रामायण' लागलं होतं. कुणाकडे केबल, कुणाकडे डिश, त्यामुळे प्रत्येक घरातला आवाज थोडा मागेपुढे. तळमजल्यावर बाण सुटायचा, दुसऱ्या मजल्यावर तो मध्येच अडायचा, आणि आमच्याकडे लागायचा तेव्हा तळमजल्यावर जाहिरात सुरू झालेली असायची. एकच राक्षस बिल्डिंगभर किती वेळा मेला ते माझ्याकडे नोंदलेलं आहे.

कोकीळ मात्र मिळाला. आंब्यावर बसून पहाटे असा काही ओरडला की मी दम रोखून उभा. (गातो तो नर बरं का; मादी नुसती किक् किक् करते. हे मी घरात सांगितलं आणि पुन्हा कधी सांगणार नाही असं ठरवलं.) नेमका पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर. तेव्हा रिंगच्या जागी कोरोनाच्या सूचनेतला तो सरकारी खोकला वाजायचा. कुहू, खॉक्, कुहू, खॉक्. मुलगा उचलेना, आजोबा पुन्हा लावायचे. शेवटी कोकीळच उडून गेला.

माझ्या संग्रहातली सर्वोत्तम चीज आहे ती एका शिंकेची. भर दुपार, सगळं सामसूम, आणि समोरच्या बिल्डिंगीतून एक दणदणीत शिंक. त्यानंतर जे ऐकू येतं ते एकदा ऐकाच: खट्, खट्, खटाखट् — एकेक करून सरकत्या खिडक्या बंद. आणि सगळ्यात शेवटी शिंकणाऱ्याचा केविलवाणा आवाज, "अहो, फोडणीची आहे! मिरचीची!"

15 जूनला अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी लोकल सुरू झाल्या. मी फोन घेऊन सज्ज. लांबून हॉर्न आला, डबे थरथरले, आणि अख्खी बिल्डिंग गॅलरीत धावली.

"आली, आली!"

"कसारा आहे."

"कसली कसारा? कर्जत आहे ती!"

"काका, चष्मा घाला, 'के' दिसतोय."

"के म्हणजे तर कल्याण!"

गाडी केव्हा गेली ते रेकॉर्डिंगमध्ये कळतच नाही. तळमजल्यावरच्या काकू तेवढ्या स्पष्ट ऐकू येतात:

"कुठलीही असू दे हो, तुम्हाला कुणी चढू देतंय का?"