'पडून राहिला तर काय खातो?'

'सीनियर डेव्हलपरची चार सूत्रं' हा फॉरवर्ड काल भाचीकडूनही आला. खाली तिची ओळ: "मावशी, आमचा लीडपण हेच म्हणतो." पोरगी नुकती नोकरीला लागलीये, म्हणून लिहितेय. एरवी डिलीट करून मोकळी झाले असते.

पहिलं सूत्र: 'न वापरातला कोड काढू नका, पडून राहिला तर काय खातो?'

१ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीचे ४६ कोटी डॉलर खाल्ले, तेही पाऊण तासात. तिथल्या बाजार नियामकाचा, एसईसीचा, २०१३ चा आदेश वाचा. ऑर्डरी पाठवणाऱ्या प्रोग्रॅममधला 'पॉवर पेग' हा भाग कंपनीने २००३ मध्येच वापरायचा बंद केला, पण कोड सर्व्हरवर तसाच. ऑर्डर पुरी झाली की थांबवणारी मोजणी २००५ मध्ये दुसरीकडे हलवली. पॉवर पेगची टेस्ट पुन्हा घेतली नाही. बंद पडलेल्या कोडची घेतो कोण? २०१२ मध्ये नव्या कामाला त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंदची खूण) वापरला, आणि आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. बाजार उघडताच तिथे पॉवर पेग जागा झाला आणि ऑर्डरी सोडतच सुटला. निस्तरायला गेले तर उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोडच काढून बसले, म्हणजे तिथेही जुनाच चालू!

अहो, काढलेला कोड गिटमध्ये, म्हणजे कोडचा सगळा इतिहास जपणाऱ्या साधनात, राहतोच की. मग जीव का अडकतो?

दुसरं: 'वॉर्निंग सोडा, बिल्ड होतंय ना?' (बिल्ड म्हणजे कोडचा चालता प्रोग्रॅम बनवणं.) त्याच आदेशात आहे: बाजार उघडण्याआधी सिस्टिमने पॉवर पेगचा एरर सांगणारे ९७ ईमेल पाठवले होते. कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्या कंपायलरच्या, म्हणजे बिल्ड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या, वॉर्निंग नव्हत्या, मान्य, सवय तीच.

तिसरं: 'एका ओळीच्या इफला कंस कशाला?' इफ म्हणजे 'अमुक झालं तर हे कर' ही अट; तिच्या ताब्यातल्या ओळी कंसात ठेवतात. २०१४ मध्ये ॲपलच्या कोडात 'गोटू फेल' ('फेल'पाशी उडी मार) ही ओळ दोनदा पडलेली सापडली. कंस नसल्याने दुसरी इफच्या बाहेर, म्हणून दरवेळी चालायची, त्यामुळे आयफोनवर एसएसएलची (वेबसाइटशी सुरक्षित जोडणीची) सही तपासलीच जात नव्हती. पुढे.

चौथं: 'चालत्या कोडला हात लावू नका.' हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने म्हणते. टेस्ट नसताना, रिलीजच्या तोंडावर, निव्वळ दिसायला बरं म्हणून रिफॅक्टर करणाऱ्याला (काम तेच ठेवून कोडची मांडणी बदलणाऱ्याला) अडवावंच. पण कायमचा हात आखडायचा नसतो. आधी कोड आज जसा वागतो ते पकडणारी टेस्ट लिहा, मग छोटे कमिट (नोंदवलेले बदल) करा. आणि कोड काढून टाकायच्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडात घ्या या विनंतीत) फक्त काढणंच ठेवा, नवं फीचर घुसडू नका. बिघडलं तर तेवढंच रिव्हर्ट करता, म्हणजे मागे घेता, येतं.