गेममधली कोडी म्हणे तुक्क्यावर सुटतात!

एक मेसेज फिरतोय, मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, त्यातल्या एकाने तर खाली 'तुझ्यासाठीच आहे' असं लिहून. सार असं की व्हिडिओ गेममधली कोडी ही खरी कोडीच नव्हेत. एक, ती तुक्क्यावर सुटतात, हे दाब ते दाब करत बसलं की कधीतरी दार उघडतं. दोन, त्यात लॉजिक नसतं, गेम बनवणाऱ्याच्या मनात काय आलं होतं ते ओळखायचं असतं. तीन, खरं लॉजिक म्हणजे आइन्स्टाइनचं कोडं, जे जगात फक्त 2 टक्के लोकांना सुटतं. चार, आजकाल सगळे उत्तर बघून खेळतात, पूर्वीचे लोक स्वतःच्या डोक्याने सोडवायचे. आणि पाच, त्यापेक्षा रोज ब्रेन ट्रेनिंगचं ॲप वापरा, स्मरणशक्ती आणि बुद्धी दोन्ही वाढतात.

मी कुणी तज्ज्ञ वगैरे नाही, पण गेम चालू ठेवून शेजारी वही-पेन घेऊन बसणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

तुक्क्याचं आधी घेऊ, कारण हाच मुद्दा लोकांना सगळ्यात जास्त पटतो.

माइनस्वीपर घ्या, लपलेले सुरुंग टाळत बंद घरं उघडायचा तो खेळ. 1992 पासून विंडोजबरोबर फुकटात यायचा म्हणून कधी ना कधी प्रत्येकाने उघडलाय, आणि बहुतेकांनी अंदाजपंचे दाहोदरसे क्लिक करून, तिसऱ्या-चौथ्या क्लिकला बॉम्ब फोडून, हा नशिबाचा खेळ आहे असं ठरवून बंद केलाय. उघडलेल्या घरात दिसणारा आकडा कशाचा असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं. त्या घराला चिकटून जी आठ घरं आहेत त्यांत मिळून सुरुंग किती, तो तो आकडा. आता समजा एका ओळीत 1, 2, 1 असे आकडे दिसतायत आणि बंद घरं फक्त त्यांच्या वरच्या बाजूला आहेत. 2 ला वरची तीन बंद घरं लागतात, डावं, मधलं आणि उजवं, आणि त्या तिघांत मिळून दोन सुरुंग. मधल्यात एक आहे असं धरून बघा. डावीकडच्या 1 ला ते मधलं घर पण लागतं आणि डावं पण, आणि त्याचा कोटा तर मधल्यानेच भरला, म्हणजे डाव्यात काही नाही. उजवीकडच्या 1 चंही तेच, म्हणजे उजव्यातही काही नाही. मग 2 ने दुसरा सुरुंग आणायचा कुठून? म्हणजे धरलं तेच चुकीचं होतं. मधलं घर साफ आहे, सुरुंग डाव्या-उजव्यात आहेत, बिनधास्त मधल्यावर क्लिक करा. यात तुक्का कुठे आला? शाळेत भूमितीच्या तासाला 'समजा हे खरं नाही' म्हणून सुरू करायचो आणि शेवटी विसंगती आली म्हणून सिद्ध झालं म्हणायचो, तेच आहे हे, फक्त इथे चुकलं की स्फोट होतो.

हां, एक्स्पर्ट लेव्हलला, म्हणजे 480 घरांत 99 सुरुंग, कधीकधी शेवटी कोपऱ्यात दोन घरं उरतात आणि कुठल्यात सुरुंग आहे हे सांगायला काहीच पुरावा नसतो. तिथे नाणं उडवण्याशिवाय इलाज नाही, मान्य. पण शेवटची दोन घरं नशिबावर आहेत म्हणून आधीची पावणेचारशे घरं पण नशिबावर उघडली असं म्हणणं म्हणजे कमाल आहे. आणि हा खेळ पोरखेळ नाही हे गणितवाल्यांनीही लिहून ठेवलंय, रिचर्ड के यांनी 2000 साली दाखवलं की पाटीवर दिसणारे आकडे एकमेकांशी जुळतात का एवढंच तपासायचं कामही एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे पाटी वाटेल तेवढी मोठी केली तर झटपट तपासायची सरसकट चालेल अशी युक्ती आजवर कुणाकडे नाही.

दुसरं उदाहरण लाइट्स आउटचं. 1995 चं टायगर इलेक्ट्रॉनिक्सचं हातात धरायचं खेळणं, 5 बाय 5 दिवे, एक दाबला की तो स्वतः आणि वर-खाली-डावी-उजवीकडचे दिवे उलटे होतात, आणि सगळे विझवायचे. हाच प्रकार नंतर कितीतरी गेममध्ये दाराचं कुलूप म्हणून आलाय, फरशा, आरसे, मशाली, काहीही असो, आतून तेच. इथे हे दाब ते दाब करणाऱ्याची वाट लागते, कारण बटणं दाबायच्या पद्धती 3 कोटी 35 लाखांच्या वर आहेत. पण दोन गोष्टी लक्षात आल्या की डोकं शांत होतं. एक, तेच बटण दोनदा दाबलं तर काहीच झालं नाही असं होतं, म्हणजे प्रत्येक बटण एकतर दाबायचं एकदा नाहीतर नाहीच. दोन, आधी कुठलं नंतर कुठलं याने काही फरक पडत नाही. मग वरची ओळ तशीच सोडायची आणि दुसऱ्या ओळीत, वर जिथे दिवा चालू आहे त्याच्या बरोबर खालचं बटण दाबायचं, वरची ओळ विझते, मग तिसऱ्या ओळीत तेच, असं करत खाली यायचं. शेवटच्या ओळीत काही दिवे उरतात, त्यावरून वरच्या ओळीत काय दाबून परत सुरुवात करायची ते ठरतं. आणि दिवे कसेही लावून ठेवले तर त्यातल्या फक्त पाव मांडण्या सुटू शकतात, बाकीच्या सुटतच नाहीत, जन्मभर दाबत बसा.

शिवाय गेम बनवणारे पण दुधखुळे नसतात, तुक्केबाज येणार हे त्यांना माहीत असतं. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, 2018 चा लुकास पोपचा गेम, त्यात जहाजावरच्या 60 माणसांचं काय झालं ते शोधायचं: हा कोण, मेला कसा, मारलं कुणी. गेम एकेक उत्तर तपासून देतच नाही, तीन माणसं पूर्ण बरोबर झाली की मगच 'बरोबर' म्हणतो. या एका नियमाने तुक्क्याचं कंबरडं मोडतं. पूर्ण नाही मोडत, दोन पक्के असले की तिसऱ्यावर नेम धरता येतो, मी धरलाय, लाज नाही वाटत.

दुसरा मुद्दा, 'बनवणाऱ्याच्या मनातलं ओळखायचं'. इथे मात्र मेसेजवाल्याला अर्धे मार्क द्यावे लागतील. 1999 चा गेब्रियल नाइट 3 आठवा. नायकाला मोटरसायकल भाड्याने हवी असते, म्हणून तो मित्राचं सोंग घेतो, त्यासाठी खोटी मिशी लागते, मिशीसाठी मांजराचे केस, केसांसाठी दाराच्या भोकाला चिकटपट्टी लावून मांजरावर पाणी उडवायचं म्हणजे ते पळताना केस पट्टीला चिकटतात, मग ती मिशी सिरपने ओठावर चिकटवायची. आणि कळस म्हणजे त्या मित्राला मिशीच नसते! मग त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोला पेनाने मिशी काढायची. याला कोडं म्हणत नाहीत, याला बादरायण संबंध म्हणतात. जुन्या ॲडव्हेंचर गेममध्ये असले नमुने पुष्कळ होते आणि लोकांनी तेव्हाही शिव्याच घातल्या.

पण एका मांजरावरून सगळ्या जातीला झोडपायचं कारण नाही. चांगल्या कोड्यात नियम आधी उघड्यावर ठेवलेले असतात. सोकोबान बघा, खोके ठरलेल्या जागी न्यायचा गेम, 1981 मध्ये हिरोयुकी इमाबायाशी यांनी बनवला, 1982 ला बाजारात आला, नियम दीडच: खोका ढकलता येतो, ओढता येत नाही, एका वेळी एकच. बनवणाऱ्याच्या मनात काय आहे याच्याशी संबंधच नाही, सगळं समोर आहे, तरी तासन्‌तास सुटत नाही, कारण कोपऱ्यात गेलेला खोका परत येत नाही आणि ती चूक आपल्याला वीस चाली झाल्यावर कळते. यावर माझा उपाय म्हणजे उलटं जायचं. खोके आधीच जागेवर आहेत असं मनात धरायचं आणि ते ओढत ओढत बाहेर काढायचे, शेवटचा खोका कुठल्या बाजूने आत आला असणार हे तिथूनच कळतं. 2016 चा जोनाथन ब्लोचा द विटनेस तर नियम शब्दांत सांगतच नाही, कोड्यांच्या सोप्या पाट्या पुढ्यात टाकत जातो, तुम्ही अंदाज बांधायचा, पुढच्या पाटीवर तो मोडला की सुधारायचा. तिथे लोक म्हणतात 'ओळखावं लागलं', अहो पण पुरावा बघून ओळखणं आणि मनकवडेपणा यात फरक आहे ना.

तिसरा मुद्दा वाचून मला हसूच आलं. 'आइन्स्टाइनचं कोडं': पाच घरं, पाच रंग, पाच माणसं, पाच पेयं, पाच पाळीव प्राणी, मासा कुणाकडे किंवा झेब्रा कुणाकडे. ते आइन्स्टाइनने बनवल्याचा काही पुरावा नाही, छापील स्वरूपात ते 1962 साली लाइफ इंटरनॅशनल मासिकात आलं आणि आइन्स्टाइन तर 1955 लाच गेले. 2 टक्क्यांचा आकडा पण असाच हवेतला, कुणी मोजला, कुठे मोजला, काही नाही.

आणि गंमत पुढेच आहे, हेच कोडं डिसऑनर्ड 2 या 2016 च्या गेममध्ये दारावर लावलंय! जिंडोश लॉक म्हणतात त्याला. पाच बायका जेवायला ओळीने बसल्यात, कोण कुठली, काय पीत होती, कुठल्या रंगाचे कपडे, आणि कुणाकडे घराण्यातली कुठली वस्तू, हे एका चिठ्ठीवरून काढायचं. जमलं तर अख्खी एक कामगिरी टाळता येते. म्हणजे मेसेजवाला ज्याला 'खरं लॉजिक' म्हणतो तेच 'खोट्या' कोड्यांच्या घरात बसलंय. वर गेम दर वेळी नवीन सुरू केला की उत्तर बदलतं, त्यामुळे दुसऱ्याचं उत्तर कॉपी करून काही होत नाही. पाच प्रकारच्या पाच-पाच गोष्टी पाच जागांवर बसवायच्या एकूण पद्धती 2,488 कोटींच्या वर जातात, तरी कागदावर चौकट आखून नक्की नाही तिथे फुली मारत गेलात तर साधारण अर्ध्या तासात सुटतं. आधी जागा सांगणारे इशारे घ्यायचे, 'डाव्या टोकाला', 'मधोमध' वगैरे, मग 'शेजारी' वाले. बहुतेक जण अडकतात ते बुद्धी कमी म्हणून नाही, फुल्या न मारता सगळं डोक्यात धरायला जातात म्हणून.

चौथा मुद्दा पटकन उरकतो. पूर्वीचे लोक हिंट घेत नव्हते? झॉर्क हा जुना गेम बनवणारी इन्फोकॉम कंपनी 1980 च्या दशकात इन्व्हिजिक्लूज नावाची पुस्तकंच विकायची. हिंट अदृश्य शाईत छापलेल्या, सोबत एक खास पेन, जेवढी हिंट हवी तेवढ्यावरच पेन फिरवायचं, म्हणजे नको ते दिसत नाही. मला तर ही आजच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा भारी कल्पना वाटते. प्रोफेसर लेटनच्या गेममध्येही, पहिला 2007 चा, हिंट नाण्यांवर विकत घ्यावी लागते आणि चुकीचं उत्तर दिलं की कोड्याचे गुण कमी होतात. त्या मालिकेची कोडी अकिरा तागो नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी दिलेली, ते आधीपासून कोड्यांच्या पुस्तकांसाठी जपानमध्ये प्रसिद्ध होते, म्हणजे कागद आणि गेम ही भिंत तिथेही नाहीच.

त्यातलंच लांडगे आणि पिल्लांचं कोडं. तीन लांडगे, कोंबडीची तीन पिल्लं, सगळ्यांना नदीपार न्यायचं, तराफ्यावर एका वेळी दोघंच, आणि पिल्लं असलेल्या कुठल्याही काठावर लांडगे पिल्लांपेक्षा जास्त झाले की फराळ. कमीत कमी 11 फेऱ्या लागतात. पहिल्या पाच सरळ जातात, मग या काठावर एक लांडगा एक पिल्लू, पलीकडे दोन लांडगे दोन पिल्लं आणि तराफा, अशी अवस्था येते आणि इथे लोक हात टेकतात. कारण सहाव्या फेरीत एक लांडगा आणि एक पिल्लू दोघांनाही परत आणावं लागतं, मिळवलेलं अर्धं घालवल्यासारखं वाटतं म्हणून मन ते करूच देत नाही. अशा ठिकाणी कुणी 'मागे जायला घाबरू नकोस' एवढंच सांगितलं तर त्याला मी फसवणूक म्हणणार नाही.

राहिलं ब्रेन ट्रेनिंग. ज्या मेसेजने गेमच्या कोड्यांना फालतू ठरवलं त्यानेच शेवटी हे विकायला काढलं, इथेच पाणी कुठे मुरतंय ते कळतं. लुमोसिटी ॲपच्या कंपनीने असेच दावे केले होते, अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, ते दिशाभूल करणारे ठरवून पकडलं आणि 2016 मध्ये 20 लाख डॉलर भरून तिला प्रकरण मिटवावं लागलं. त्याआधी 2010 ला नेचर या विज्ञान नियतकालिकात 11,430 लोकांवरचा अभ्यास आला होता, सहा आठवडे सराव केला, ज्या खेळाचा सराव केला तो खेळ सुधारला, बाकी कुठे काही फरक नाही. उलट 2015 मध्ये फ्लोरिडात 77 विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात 8 तास पोर्टल 2 हा कोड्यांचा गेम खेळलेले लोक लुमोसिटीवाल्यांपेक्षा कोडी सोडवण्याच्या चाचण्यांत पुढे निघाले. पण 77 जणांच्या जोरावर 'पोर्टल खेळा, हुशार व्हा' असं मी म्हणायला लागलो तर माझ्यात आणि मेसेजवाल्यात फरक काय राहिला? कोडं सोडवलं की कोडं सुटतं, मजा येते, मला तेवढं पुरतं.

'तुझ्यासाठीच आहे' वाल्याला मी यातलं काहीच पाठवलं नाही, एवढं वाचणार कोण. त्याला फक्त लांडग्यांचं कोडं पाठवलं, म्हटलं तुक्क्याने सोडव. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला: 'पाच फेऱ्यांपर्यंत सगळे जिवंत आहेत रे, पण तराफा आणायला पिल्लू पाठवलं तर पलीकडचं मरतंय आणि लांडगा पाठवला तर अलीकडचं मरतंय, कोडंच चुकलंय.' मी अजून उत्तर दिलेलं नाही.