पांदण पाहा, मग जगाचं बोला

भाऊ, माणूस जात वेळेवर शहाणी होईल आणि तापमानवाढ रोखेल, असं तुम्हाला अजूनही वाटत असेल तर एकदा आमच्या पांदणीत, म्हणजे वावरांकडं जाणाऱ्या वाटेत, येऊन जा. पावसाळ्यातच या. गुडघाभर गाऱ्यात पाय फसला की विचार करायला भरपूर वेळ मिळतो.

नकाशावर ही पांदण दोन बंड्या शेजारून जातील एवढी रुंद आहे. जमिनीवर एकच जाते, तीही बैल समजूतदार असले तर. बाकीची गेली कुठं? दर वखरणीला एकेक तास, म्हणजे वखराची एकेक ओळ, करत ज्याच्या त्याच्या वावरात. कोणी चोरली नाही हो, धुरेच, म्हणजे वावरांचे बांधच, चालत आले! पांदण मोकळी व्हावी हे सगळ्यांनाच मान्य आहे, फक्त मोजणी समोरच्यापासून सुरू व्हावी.

आभाळाचंही तसंच. १९५८ साली हवाईतल्या मौना लोआवर कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो ३१५ च्या आसपास होता. २०२४ मध्ये ४२० च्या वर. मधल्या काळात सभा मात्र चुकल्या नाहीत. १९९५ पासून कोरोनाचं एक वर्ष सोडलं तर दरसाल जागतिक हवामान परिषद. अमेरिका चीनकडे बोट दाखवते, चीन अमेरिकेकडे, आणि आपण दरडोई आकडा काढून दाखवतो. २०२३ च्या दुबईच्या परिषदेला अध्यक्ष कोण, तर तिथल्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख. आम्हाला नवल वाटलं नाही. आमच्या पांदण समितीचा अध्यक्षही सगळ्यात जाड धुऱ्याचाच धनी आहे.

एका धुऱ्यावर दोन सख्ख्या भावांचं जुळत नाही, तिथं दोनशेच्या आसपास देशांचं एकमत लागतं. तेव्हा जीव जाळू नका.

शास्त्रज्ञांचं तर मनावर घेऊच नका. भेंडवळच्या घटमांडणीत, म्हणजे घट-पापड मांडून सांगतात त्या भाकितात, पाऊस कमी निघाला की आमच्याकडे बियाण्याचा बेत बदलतो. हे बिचारे तीस-पस्तीस वर्षं तेच सांगतात, पण त्यांच्या मांडणीत पापड नसतो.

मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४७ ला टेकला की कूलर लावा. वीज बहुतेक कोळशाची, कोळसा आपल्याच जिल्ह्यातला, जळतो आपल्याच २९२० मेगावॉटच्या केंद्रात. ऊन घरचं, गारवाही घरचा. बाहेरून काही आणावं लागत नाही बाप्पा.

पॅरिसला २०१५ मध्ये तापमानवाढीला दीड अंशाची रेघ ओढली होती. २०२४ हे पहिलंच अख्खं वर्ष त्या रेघेपलीकडं गेलं. यावर शांतपणे सांगायचं की एका वर्षानं रेघ मोडत नाही, सरासरी पाहतात. हे खरंही आहे. तलाठ्याला आम्ही हेच सांगतो, एका तासानं पांदण अडत नाही. भारतानं निव्वळ शून्य उत्सर्जनाला २०७० ची तारीख दिली आहे. त्या पंचनाम्याला तुम्ही-मी हजर नसू, सही नातवाची.

काय म्हणता? माझा धुरा? तो पावसानं सरकला, भाऊ.