‘शंभर टक्के नाही तर शून्य’: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दहावी-बारावीचे निकाल आणि खरिपाची पेरणी आमच्याकडे जवळजवळ एकाच वेळी येतात, आणि त्याच सुमारास वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा: परिपूर्णतेचा ध्यास घेणाराच पुढे जातो, म्हणून शंभर टक्के नाही तर शून्य समजा, अपयश येते ते नकारात्मक विचारांमुळे, असा विचार मनात आला की तो तत्काळ झटकून टाका आणि रोज सकाळी आरशासमोर स्वतःविषयी चांगली वाक्ये म्हणा, आणि नैराश्य हा शहरातल्या रिकाम्या माणसांचा आजार आहे, मातीत राबणाऱ्याला तो होत नाही. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, बरेचदा भाच्या-पुतण्याच्या काळजीने मामा-काकाच तो पुढे ढकलतात. पण यातले एकही विधान आहे तसे टिकत नाही, आणि काही विधाने तर आधीच खचलेल्या माणसाला आणखी खचवणारी आहेत.

पहिल्या विधानात काम चांगले करण्याची हौस आणि निर्दोषपणाचा अट्टहास यांची गल्लत आहे. हौस असलेल्या माणसाचे नांगराचे एक तास वाकडे गेले तर तो पुढचे नीट काढतो. अट्टहास धरणाऱ्याला त्या वाकड्या तासात स्वतःची नालायकी दिसते. पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये या अट्टहासाचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, इतरांकडून तशीच अपेक्षा, आणि लोक आपल्याकडून निर्दोषपणा मागत आहेत ही धारणा. नैराश्याशी तिसऱ्या प्रकाराचा संबंध पुढच्या अभ्यासांत वारंवार दिसला आहे. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 41,641 महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र तपासली, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले आढळले आणि सर्वांत मोठी वाढ तिसऱ्याच प्रकारात होती. हे आकडे तिकडचे आहेत, आपल्या तालुक्याचे नाहीत. तरी ज्या गावात पोराचे टक्के पानठेल्यावर विचारले जातात, तिथे हा तिसरा प्रकार कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

या अट्टहासाने निदान यश तरी मिळते का? नोकरीच्या ठिकाणी दिसणाऱ्या परिपूर्णतावादावरचे 95 अभ्यास एकत्र करून 2018 मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. असे लोक जास्त तास राबतात, जास्त ताण घेतात आणि जास्त थकतात, पण त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीशी या वृत्तीचा म्हणावा असा संबंध नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. शाळेतही तेच दिसते. अक्षर बिघडले म्हणून पान फाडणारे, पुन्हा लिहिणारे आणि शेवटी वही जमाच न करणारे मूल प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते, आणि त्याला आळशी म्हणून रागावण्याची चूकही बहुतेक ठिकाणी होते.

शंभराचा हा हट्ट शेतकऱ्याच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. घरचे सोयाबीन बियाणे म्हणून ठेवताना आपण 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो, आणि त्यातले 70 उगवले की ते बियाणे चांगले समजून पेरतो. उरलेल्या 30 दाण्यांसाठी कोणी सगळे पोते उकिरड्यावर टाकत नाही.

अपयश नकारात्मक विचारांमुळे येते, हे दुसरे विधान सर्वांत घातक आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातली पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, पोखरली, तेव्हा वेळेवर निंदण, डवरणी आणि फवारणी केलेल्या वावरांतही बोंडे किडली. बोंडअळीला मारणारी दोन जनुके घातलेल्या बीटी कपाशीच्या वाणाला ही अळी दाद देईनाशी झाली होती, ती बोंडाच्या आत राहत असल्यामुळे वरची फवारणी तिच्यापर्यंत पोचत नव्हती, आणि हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या पऱ्हाटीने, म्हणजे फरदडीने, तिला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत खाद्य मिळत होते. एखाद्याने आपली पऱ्हाटी डिसेंबरात उपटली तरी धुऱ्यापलीकडची, म्हणजे बांधापलीकडच्या शेतातली, उभी असेल, तर पतंगाला धुरा अडवत नाही. अशा नुकसानीनंतर ‘माझेच कुठेतरी चुकले’ असे रात्र-रात्र घोकणाऱ्या माणसाला हा संदेश काय सांगतो? तुझे विचारच वाईट होते. म्हणजे पीक गेल्याचा दोष त्याच्यावर आणि दुःख झाल्याचाही दोष त्याच्यावर. कर्ज, कापसाचा भाव, पावसाचा खंड आणि ओलिताची वानवा ही कारणे सगळी पुसली जातात, आणि ज्यांनी त्यांची उत्तरे द्यायची ते मोकळे सुटतात. या भागातल्या शेतकरी आत्महत्यांवर बोलताना तर एवढी सोपी मांडणी कोणीही करू नये.

विचारांचा प्रकृतीवर परिणाम होतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलन-होक्सेमा यांच्या संशोधनातून हे पुढे आले की, आपल्याला वाईट का वाटते हेच मनात घोळवत बसणाऱ्यांचे नैराश्य अधिक खोल जाते आणि अधिक काळ टिकते. परंतु प्रत्येक शंका या घोळवण्यात मोडत नाही. ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर यांनी 1986 मध्ये दाखवले की, काय काय बिघडू शकते याचा आधी विचार करून तयारी करणारी माणसे त्या विचारामुळेच नीट काम करतात, आणि ‘सगळे छानच होईल’ असा धीर देऊन त्यांना त्यापासून हटवले तर त्यांचे काम बिघडते. पहिल्या सरीनंतर सगळे तिफण घेऊन निघाले असताना, पाऊस दडी मारेल या भीतीने 75 ते 100 मिलिमीटर होईपर्यंत थांबणारा शेतकरी संदेशाच्या व्याख्येत नकारात्मक ठरतो. दुबार पेरणीच्या खर्चातून वाचण्याची शक्यता मात्र त्याचीच जास्त असते.

विचार झटकून टाकण्याचा सल्ला साधा वाटतो, पण अमलात येत नाही. डॅनियल वेग्नर यांनी 1987 च्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तर ते अस्वल त्यांच्या मनात पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि बंदी उठल्यावर आणखी जास्त आले. आरशासमोरच्या वाक्यांचेही तसेच. जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या 2009 च्या अभ्यासात, ज्यांचे स्वतःविषयीचे मत आधीच खालावलेले होते त्यांना ‘मी प्रेम करण्यासारखा माणूस आहे’ अशा अर्थाचे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्यावर अधिक वाईट वाटले. म्हणजे ज्याला आधाराची गरज, त्यालाच हा उपाय बाधतो. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडलेली उपचारपद्धती वेगळी आहे: विचार दाबायचा नाही, त्यावर गोड वाक्य चिकटवायचे नाही, तर तो समोर ठेवून त्याला पुरावा काय ते तपासायचे. ‘मी कोणत्याच कामाचा नाही’ असे म्हणणाऱ्याने याच वर्षी बहिणीचे लग्न लावले असेल, आजाऱ्याला दवाखान्यात नेले असेल, तर तेही हिशेबात धरायचे.

नैराश्य शहरी आहे, या शेवटच्या विधानाला उत्तर अमरावती जिल्ह्यातच मिळते. तिथल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा उपक्रम राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये लॅन्सेटच्या मानसोपचारविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त 4.3 टक्के लोक त्यासाठी मदत घेत होते. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केल्यानंतर हे प्रमाण 27.2 टक्क्यांवर गेले. आजार आधीपासून गावातच होता, त्याला कोणी विचारत नव्हते. ज्या गटावर हा संदेश येतो, त्याच गटावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक पाठवता येईल. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते, आणि फोन करण्यासाठी आधी कोणत्या डॉक्टरने आजाराचे नाव सांगितलेले असावे लागत नाही.