यंत्र घ्या, पण त्याला बोलू देऊ नका

चेअरमनसाहेब, दूध तपासणारं यंत्र घ्यायचं ठरवलंत, अभिनंदन. घ्यायचंच तर एफटीआयआरवालं घ्या. ते अवरक्त किरणांवर चालतं. दूध आत ओढलं की मिनिटभरात फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), प्रोटीन सांगतं आणि युरिया, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची पूड), अमोनियम सल्फेट यांचाही वास काढतं. चोख दुधाचा आलेख त्याला पाठ असतो. त्याच्याशी जुळलं नाही की शंका छापून मोकळं होतं. समोरचं दूध संचालकांच्या मेव्हण्याचं आहे, हे मात्र त्याला कळत नाही.

म्हणून आमदारांच्या हस्ते नारळ फोडा, पेपरात फोटो येऊ द्या, आणि यंत्र बसवा लांब, मुख्य प्लांटवर. गावच्या संकलन केंद्रावर दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर पुरे. तो मोठ्या मनाचा! पाण्याने उतरलेली डिग्री साखर-मिठाने वर आली, तरी घनता कुठून आली हे विचारत नाही. पुढे सगळ्या गावाचं दूध एका टँकरात पडलं की कुणाच्या कॅनमध्ये काय होतं हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. दूध नासू नये म्हणून टाकलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड तर वाटेतच विरून पाणी आणि ऑक्सिजन होतं. किती समजूतदार रसायन! युरिया गायीच्या दुधात मुळातच थोडा असतो. १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमपर्यंत नियमालाही चालतो. तेवढ्यात वरून घातलेल्या युरियाचाही बराच पाहुणचार बसतो.

३.५ फॅट, ८.५ एसएनएफचं दरपत्रक मात्र बदलू नका. पॉइंट घटला की पैसे कापा, आणि लोक एसएनएफ गायीऐवजी पावडरच्या डब्यातून आणतात म्हणून सभेत हळहळा.

एवढं करूनही यंत्राने शंका काढलीच, तर ‘ही केवळ प्राथमिक चाचणी’ असं म्हणा. ते खरंही आहे. फेरतपासणीचा शेरा मारा, तोवर टँकर रिकामा करून घ्या. दूध नासतं, शेरा नासत नाही.

आणि अन्न व औषध प्रशासनाचे लोक आले तर चहा पाजा, त्याच दुधाचा. नमुन्याचा अहवाल द्यायला कायद्याने विश्लेषकाला १४ दिवस दिलेत. तोवर नमुना टिकावा म्हणून त्यात फॉर्मेलिन टाकतात, तेही अधिकृत, सीलबंद. तुमच्या माणसाने तेच टँकरात टाकलं तर मात्र भेसळ! हा दुजाभाव वार्षिक सभेत जरूर मांडा.