टॉम आणि जेरीचा ‘शेवटचा भाग’: एक खोटा मेसेज

“टॉम अँड जेरीच्या शेवटच्या भागात दोघंही रेल्वेच्या रुळांवर जीव देतात. डिस्नेने हे वर्षानुवर्षं लपवलं. अखेर 2024 मध्ये बूमरँग चॅनेल बंद करावं लागलं.” हा मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवरून ताईच्या नऊ वर्षांच्या मुलापर्यंत पोचला. पोरगं रात्री जेवेना. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

डिस्नेचा यात काडीचाही संबंध नाही. टॉम अँड जेरी एमजीएम या हॉलीवूडच्या फिल्म कंपनीचे. अमेरिकेतले टीव्ही उद्योजक टेड टर्नर यांनी 1986 मध्ये एमजीएम विकत घेतली, पुढे बाकीचं विकून टाकलं, पण चित्रपटांचा साठा स्वतःकडे ठेवला. 1991 मध्ये टॉम-जेरीचे जनक हॅना आणि बार्बेरा यांची कार्टून कंपनी घेतली आणि 1 ऑक्टोबर 1992 ला कार्टून नेटवर्क सुरू केलं. आपल्याकडे 1995 मध्ये आलं ते हेच. बूमरँग आधी अमेरिकेत कार्टून नेटवर्कवरच जुन्या कार्टूनांसाठी राखलेली वेळ होती, 1 एप्रिल 2000 ला तिचं वेगळं चॅनेल झालं.

आता रुळांची गोष्ट. ती फिल्म खरी आहे: ‘ब्लू कॅट ब्लूज’, 1956. टॉमचा प्रेमभंग होतो, त्याची पांढरी मांजर बुच नावाच्या श्रीमंत बोक्याशी लग्न करते. टॉम रुळांवर जाऊन बसतो. मग जेरीलाही आपली मैत्रीण नवऱ्यासोबत गाडीतून जाताना दिसते, गाडीवर ‘नुकतंच लग्न झालं’ अशी पाटी. तोही टॉमशेजारी येऊन बसतो, गाडीची शिट्टी जवळ येते आणि पडदा काळा होतो. विषय लहान मुलांना झेपणारा नाही, हे मला मान्य आहे.

पण शेवटचा भाग? हॅना आणि बार्बेरा यांनी टॉम अँड जेरीच्या 114 लघुफिल्म केल्या, त्यांतली ही 103 वी. पुढच्याच महिन्यात ‘बार्बेक्यू ब्रॉल’ आली आणि त्यात टॉम, जेरी दोघंही ठणठणीत. शेवटची ‘टॉट वॉचर्स’ 1958 ची. तिच्यात हे दोघं घरातून रांगत सुटलेल्या बाळाला वाचवत धावतात. रुळांवर संपलेली पात्रं दोन वर्षांनी बाळ सांभाळत नाहीत. त्यानंतरही प्राग शहरात जीन डाइच यांनी 13 आणि चक जोन्स यांनी 34 फिल्म केल्या. ही यादी कुणालाही पाच मिनिटांत तपासता येते. मेसेज लिहिणाऱ्याने ते केलं नाही, आणि आत्महत्येची गोष्ट मुलांच्या हातात दिली. याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

राहिला 2024 चा मुद्दा. त्या वर्षी 30 सप्टेंबरला बूमरँगचं अमेरिकेतलं ॲप बंद झालं, एवढं खरं. पण ते प्रेक्षक त्याच मालकांच्या मॅक्स या ॲपकडे वळवायला. टीव्हीवरचं बूमरँग त्यानंतरही चालूच राहिलं.